आबांची फाइल

गेल्या दिवाळीत गावी पोहोचलो, बॅग ठेवली आणि चहा हातात येण्याआधीच आजीने काम सांगितलं.

"त्या कंप्युटरात ह्यांनी काय काय लिहून ठिवलंय. तू त्यातलाच इंजिनेर हायस न्हवं? मग काढ की बाहेर."

आबा म्हणजे माझे आजोबा. आटपाडी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. २००४ साली बाबांनी घरी संगणक आणला तो माझ्यासाठी, पण त्याच्यासमोर सगळ्यात जास्त बसले ते आबा. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागदाचे तुकडे चिकटवून, दोन बोटांनी, ते १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी लिहायचे. मी गेम खेळायला मागितला की म्हणायचे, "एवढं वाक्य संपू दे." आबा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्या लिखाणाची छापील प्रत कुठेच नाही. जे काही आहे ते जुन्या चादरीखाली झाकलेल्या त्या डब्यात.

चादर काढली, बटण दाबलं. पंखा घरघरला, एक बीप आली, विंडोज एक्सपीची ती ओळखीची निळी पट्टी सरकायला लागली आणि पडदा काळा. मग परत पंखा, परत बीप, परत पट्टी, परत काळं. चार वेळा तेच झाल्यावर आजी म्हणाली, "ह्ये आठवतंय खरं, पण सांगता येईना त्याला."

माझ्या पिढीला संगणक रीस्टार्ट होणं म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते. पण दोन हजारच्या दशकात भारतातल्या घरोघरी आलेल्या डब्यांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातलं एक मोठं प्रकरण याच रोगाचं होईल. त्या चार दिवसांत मी ते उलट्या बाजूने वाचलं, म्हणजे बिघाडाकडून कारणाकडे.

बाबांचा पहिला अंदाज होता 'व्हायरस'. तो चुकीचा असला तरी निराधार नव्हता. ११ ऑगस्ट २००३ रोजी 'ब्लास्टर' नावाचा वर्म जगभर पसरायला लागला. तो ज्या फटीतून शिरायचा ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, पण ती टाकून घेणारे थोडे. वर्म शिरताना विंडोजची एक महत्त्वाची सेवा कोसळायची, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. २०१० नंतर पहिला फोन हातात घेतलेल्यांना सांगतो, ती साठ सेकंदं भयानक असायची. अर्धवट लिहिलेलं सेव्ह करायचं की मेकॅनिकला फोन करायचा, एवढाच प्रश्न. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४च्या शेवटी 'सॅसर' आला. तोही तशीच मोजणी दाखवायचा. तो लिहिणारा निघाला जर्मनीतला एक शाळकरी मुलगा.

त्या काळात गावोगावच्या मेकॅनिककडे यावर एकच औषध होतं : "फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचं. डी ड्राइव्हवर ठेवलेलं वाचायचं. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये किंवा डेस्कटॉपवर ठेवलेलं मात्र जायचं, कारण ते दोन्ही सी ड्राइव्हवरच असतात हे घरात कोणालाच माहीत नसायचं. त्या एका वाक्याने किती घरांतले फोटो, हिशेब आणि कविता गेल्या असतील याची मोजदाद कोणीच ठेवलेली नाही. म्हणून मी पहिला नियम स्वतःलाच घातला : काहीही होवो, या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

दोष विंडोजचा की यंत्राचा, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. संगणक सुरू होताच डिलीट की दाबून सेटअपच्या स्क्रीनवर जायचं आणि नुसतं बसून राहायचं. तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं, त्यामुळे व्हायरसही नाही. तिथेही मशीन रीस्टार्ट झालं तर विंडोज निर्दोष. मी घड्याळ लावून बसलो. तीन मिनिटांनी पडदा काळा.

मग नेहमीची पूजा. धूळ झटकली. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. गावातल्या दुकानातून एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, उसना आणून लावला. फरक शून्य. शेवटी टॉर्च धरून मदरबोर्ड नीट पाहिला आणि उत्तर दिसलं. प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांपैकी पाचांची डोकी फुगली होती. दोघांच्या माथ्यावर तपकिरी खपली धरली होती.

ही नळकांडी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. प्रोसेसरला साधारण दीड व्होल्ट लागतात, पण ते अगदी स्थिर लागतात. एसएमपीएसकडून येणारी वीज मदरबोर्ड तेवढ्यापर्यंत उतरवतो आणि त्यातले चढउतार हे कॅपॅसिटर गिळतात. पाण्याची टाकी नळाची धार एकसारखी ठेवते तसंच. टाकीच फुटकी असेल तर प्रोसेसरने जरा जास्त वीज मागितली की धार तुटते, आणि मशीन घाबरून पहिल्यापासून सुरू होतं. विंडोज चढताना प्रोसेसर पळतो, म्हणून तिथे लगेच पडत होतं. सेटअपमध्ये काम कमी, म्हणून तीन मिनिटं टिकलं.

आमच्या डब्यातले कॅपॅसिटर अपघाताने फुगलेले नव्हते. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर, मॉनिटरांत आणि वीजपुरवठ्याच्या डब्यांत हेच झालं. तंत्रज्ञांच्या जगात याला 'कॅपॅसिटर प्लेग' म्हणतात. बहुतेक सदोष माल तैवानच्या उत्पादकांचा होता. आतल्या द्रावणात पाण्याचा अंश जास्त होता आणि पाण्याने अ‍ॅल्युमिनियमला खाऊ नये म्हणून घालायची रसायनं अपुरी होती. त्यामुळे आत हायड्रोजन वायू साठत गेला, डोकं फुगलं, फुटलं. हे कसं झालं याची त्या वेळी एक गोष्ट सांगितली जायची. जपानी कंपनी सोडलेल्या एका शास्त्रज्ञाने द्रावणाचं सूत्र चीनमध्ये नेलं, तिथून ते तैवानला पळवलं गेलं, पण अर्धवट. फेब्रुवारी २००३मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम'नेही ती छापली. उद्योगातल्या लोकांनी सांगितलेली ही हकिगत कोर्टात सिद्ध झालेली नाही. फुगलेली डोकी मात्र खरी आहेत, आमच्या माजघरात आहेत.

कॅपॅसिटर बदलता आले असते. पण आजीने संगणक मागितला नव्हता, लिखाण मागितलं होतं. मी चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली. चाळीस जीबीची, रुंद चपट्या पट्टीने जोडायची जुनी आयडीई जातीची. नशीब की पुण्याहून येताना तिला यूएसबीला जोडणारं अ‍ॅडॅप्टर बरोबर आणलं होतं. लॅपटॉपवर लिनक्स होतं. जोडल्यावर डिस्क फिरली, पण मधूनच 'टक्' असा आवाज यायला लागला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना पोटातला खड्डा माहीत असेल.

अशा वेळी फाइल उघडून बघायचा मोह होतो. तो टाळायचा. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. अन्तोनियो दियास दियास यांनी तो २००४मध्ये लिहायला घेतला, म्हणजे आमचा डबा घरी आला त्याच वर्षी. त्याची पद्धत मला फार आवडते. सोपं आहे ते तो आधी वाचून घेतो. अडलं की तिथे हटून बसत नाही, खूण करून पुढे जातो. सगळं हाती लागलं की मग अडलेल्या जागांकडे परततो, छोट्या छोट्या घासांनी. मरायला टेकलेल्या डिस्ककडून ती जिवंत आहे तोवर जास्तीत जास्त कसं मिळवायचं, याचं ते शहाणपण आहे.

रात्रभर ते चाललं. सकाळी हिशेब आला : अख्ख्या डिस्कवर सत्तावीस सेक्टर सोडून सगळं मिळालं. एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. मी आजीला ओरडून सांगितलं, "मिळालं!"

आणि फाइल उघडली. आत होतं ते मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं. पानंच्या पानं.

इथे दुसरा इतिहास सुरू होतो, आणि हा आपला आहे.

संगणकात मराठी साठवायचे दोन मार्ग होते. एक, अक्षर साठवायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट'चं काम या मार्गाचं होतं. १९९१मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्यात 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. जोडाक्षर कसं दिसावं ते यंत्राने बघावं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर ठेवली, १२८ जागांची.

दुसरा मार्ग, चित्र साठवायचं. इंग्रजीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. कुठे अर्धा 'त', कुठे काना, कुठे रफार. संगणकाला वाटतं तो इंग्रजीच छापतोय. यासाठी कोणत्याही प्रोग्रॅमला मराठी येण्याची गरज नव्हती, म्हणून लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं डीटीपी याच मार्गाने गेलं. प्रत्येक कंपनीचा नकाशा मात्र वेगळा. एकाचा 'क' दुसऱ्याकडे 'भ'.

२००४मध्ये युनिकोड मराठी उपलब्ध नव्हतं असं नाही. विंडोज २०००पासून ते होतं. त्यातला 'मंगल' हा फॉन्ट तर कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. म्हणजे जगभरातल्या विंडोजवर दिसणाऱ्या देवनागरीला एका मराठी कवीचा हात लागलेला होता. पण एक्सपीमध्ये ते चालू करायला सेटिंगमध्ये एक खूण करून सीडी घालावी लागायची, आणि हे आबांना कोणी सांगणार? गावातल्या डीटीपीवाल्याने फ्लॉपीतून स्वतःचा फॉन्ट टाकून दिला आणि आबा लिहायला बसले.

तो फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात, त्याच डिस्कवर सापडला. बसवला, आणि पडद्यावर आबा बोलायला लागले. पण त्या फॉन्टबाहेर सगळं परत डॉलर आणि कंस. व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला एक ओळ पाठवली तर ती म्हणाली, "दादा, पासवर्ड चुकून मला पाठवलास का?"

म्हणून रूपांतर करायला बसलो. प्रत्येक चित्राला युनिकोडमधली जोडी देणं सोपं. क्रम अवघड. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती तशी दिसते. रफार नंतर येतो. 'निर्धार' शब्दात दोन्ही उलटे. शिवाय मला मिळालेला तयार तक्ता हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला होता. त्याला आपला 'ऱ्य' माहीत नव्हता. 'खडी फोडणाऱ्या बायका' हे तो 'फोडणार्या' असं रफार देऊन लिहायचा. दर्या आणि दऱ्या यांतला फरक कळायला मराठीच यावी लागते. ते नियम मी हाताने लिहिले.

भाऊबीजेच्या दुपारी आजीला वाचून दाखवायला बसलो. दुष्काळी कामं, रस्त्यासाठी फोडलेली खडी, रेशनवरचा लाल मिलो. एका जागी 'सुकडी' असा शब्द होता. मी तो आदल्या रात्री रूपांतराची चूक समजून 'सुपडी' केला होता.

"सुपडी न्हाई रं," आजीने थांबवलं. "सुकडी. कामावर वाटायचे ती. भुकटी असायची. पोरं त्याच्यासाठीच यायची."

मी गप्प बसून दुरुस्ती परत काढली. यंत्राने आबांचा शब्द बरोबर आणला होता. तो बिघडवला होता मी, शुद्ध करायच्या नादात.

थोडं पुढे गेल्यावर ती जागा आली. सत्तावीसपैकी तीन सेक्टर नेमके या फाइलचे होते. जुन्या फॉन्टात ढोबळमानाने एका तुकड्याला एक बाइट, म्हणजे साधारण दीड हजार तुकडे, दोन-अडीचशे शब्द. त्या आधीचं शेवटचं वाक्य होतं : 'त्या दिवशी हिला चक्कर आली आणि मुकादमाने'. पुढे काही नाही.

मी सांगितलं, "आजी, इथलं गेलंय. हे आता मिळणार नाही."

ती थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय काय झालं ते. मीच हुते की तिथं."

मी फोन रेकॉर्डिंगला लावला. ती अकरा मिनिटं बोलली. कुठे अडली, पुढे गेली, मग परत मागे आली.

आता त्या मजकुराच्या तीन प्रती आहेत. एक पुण्यात माझ्याकडे, एक क्लाउडवर आणि एक छापील, आजीच्या ट्रंकेत. साध्या युनिकोड मजकुरात, म्हणजे पुढच्या कोणाला फॉन्ट शोधावा लागू नये. हरवलेल्या परिच्छेदाच्या जागी मी आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत घातलंय, वेगळ्या ठशात, कोणाचं काय ते कळावं म्हणून.

डबा अजून चादरीखाली आहे. भंगारवाल्याला द्यायला आजी तयार नाही. कीबोर्डवर आबांनी चिकटवलेली अक्षरं आहेत, म्हणते.