वक्रपृष्ठाचे पॅनेल-विभाजन

वक्रपृष्ठाचे पॅनेल-विभाजन म्हणजे घुमट, कवच किंवा लाटेसारखे छप्पर अशा वाकलेल्या पृष्ठभागाची, कारखान्यात घडवता येतील व जागेवर जोडता येतील अशा तुकड्यांत केलेली विभागणी होय. काच, पत्रा, प्लायवूड हे साहित्य मुख्यतः सपाट तक्त्यांच्या रूपात मिळते. त्यामुळे वक्र इमारतीचा खर्च, सांध्यांची मजबुती आणि गळतीचा धोका बऱ्याच अंशी या विभागणीवर अवलंबून असतो.

भूमितीय आधार

कागद नळीभोवती नीट गुंडाळता येतो. चेंडूभोवती गुंडाळताना मात्र त्याला चुण्या पडतात. यामागील नियम जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये मांडला. पृष्ठ न ताणता, न फाडता वाकवले, तर त्याची गाउसीय वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची व नळीची ही वक्रता शून्य असते, गोलाची नसते. म्हणून दंडगोल व शंकू सपाट पत्र्यातून घडतात. घुमट मात्र लहान सपाट तुकड्यांनी स्थूलमानाने साधावा लागतो किंवा त्याचे तुकडे साच्यात वाकवून घ्यावे लागतात.

पॅनेलचे आकार

कोणतेही तीन बिंदू, ते एका रेषेत नसल्यास, एकच प्रतल ठरवतात. म्हणून त्रिकोणी पॅनेल नेहमी सपाट असते. मात्र त्रिकोणी जाळीत एका सांध्यावर साधारणपणे सहा दांड्या येतात आणि काच कापताना नासाडी अधिक होते. चौकोनी जाळीत बहुधा चारच दांड्या येतात. पण चौथा कोपरा त्याच प्रतलात असेलच असे नाही. तो उचलला गेल्यास पॅनेल पिळवटते.

प्राचलिक पद्धत

प्राचल म्हणजे पॅनेलची रुंदी, ओळींची संख्या, सांध्याची फट यांसारखी बदलता येणारी राशी. प्राचलिक संगणक प्रणालीत चित्राऐवजी या राशींमधील संबंध नोंदवले जातात. एक आकडा बदलला की संपूर्ण जाळी नव्याने मांडली जाते. ऱ्हायनोसेरॉस व तिच्यासोबत चालणारी ग्रासहॉपर या प्रणाली यासाठी प्रचलित आहेत. पृष्ठ दोन दिशांनी विभागणे, प्रत्येक चौकटीत पॅनेल बसवणे, त्याचा सपाटपणा तपासणे, सारख्या पॅनेलांचे गट करणे आणि क्रमांक देऊन कापणीचे नकाशे काढणे, असा कामाचा क्रम असतो.

दोन्ही दिशांचे समान भाग केले म्हणजे पॅनेले समान होतात, असे नाही. पृथ्वीगोलावरील रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येतात, तशीच घुमटाच्या शिखराजवळ पॅनेले निमुळती होत जातात.

उदाहरणे

ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउसच्या (१९७३) कवचांचे आकार बांधणीयोग्य करण्यासाठी वास्तुविशारद योर्न उत्झन यांनी ती सर्व एकाच गोलाचे भाग मानली. वक्रता सर्वत्र सारखी झाल्याने तेच साचे पुनःपुन्हा वापरता आले. याउलट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रेट कोर्टच्या छतात (२०००) ३,३१२ त्रिकोणी काचा असून कोणत्याही दोन सारख्या नाहीत. अशी रचना संगणकीय गणनेमुळेच व्यवहार्य ठरली.

महाराष्ट्रात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे टर्मिनल २ (२०१४) हे वक्र आवरणाचे ठळक उदाहरण आहे. त्याचा आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचा आहे. मुख्य दालनाचे छत तोलणारे ३० स्तंभ वर जाताना छत्रीसारखे पसरत छतात मिसळतात. खोलगट चौकटींची नक्षी स्तंभापासून छतापर्यंत अखंड चालू राहते. अशा आवरणात विभागणीच्या रेषाच अलंकरण बनतात.

मर्यादा

संगणक विभागणीचे अनेक पर्याय झटपट मांडतो. परंतु गाउसचा नियम त्यालाही ओलांडता येत नाही. उष्णतेने होणारे प्रसरण, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि कारागिराच्या हातून राहणारा काही मिलिमीटरांचा फरक यांसाठी सांध्यात जागा ठेवावी लागते. पॅनेलांचे प्रकार जितके कमी, तितके साचे कमी लागतात आणि फुटलेले पॅनेल बदलणेही सोपे जाते.