बडोद्याची ग्रंथालये आणि सीमाभागातील मराठी वाचक

सीमाभागात ग्रंथालयाचा विषय निघाला की चर्चा बहुधा इमारतीपाशी सुरू होते आणि इमारतीपाशीच संपते. जागा कोठली, निधी कोणाचा, कोनशिलेवर नाव कोणाचे, यांत वर्षे निघून जातात. ते ग्रंथालय कोणासाठी, त्यात पुस्तके कोणत्या भाषेची आणि ज्याला वाचता येत नाही त्याने तेथे का यावे, हे प्रश्न मागे राहतात. या प्रश्नांची विचारपूर्वक दिलेली उत्तरे पाहायची असतील, तर शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्याकडे वळावे लागते. हा इतिहास मराठी माणूस अभिमानाने सांगतो. पण त्यातून आपल्यावर काय बंधन येते, याचा विचार तो क्वचितच करतो.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ च्या सुमारास तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्यातूनच पुढची अडचण उभी राहिली. मूल चार इयत्ता शिकते, शाळा सोडते, शेतात किंवा दुकानात जाते आणि हाती पुस्तक न आल्याने काही वर्षांत अक्षरेही विसरते. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेनंतर ग्रंथालय हवेच. याच सुमारास महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. इकडे गुजरातच्या खेड्यांत मोतीभाई अमीन हे शिक्षक लोकांच्या लहान वर्गणीतून वाचनालये उभी करीत होते. वरून आलेली इच्छा आणि खालून उगवलेले काम या दोन्हींची भेट झाली, हे बडोद्याच्या यशाचे पहिले कारण आहे.

१९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावण्यात आले. १९१३ पर्यंतच्या अवघ्या तीन वर्षांत त्यांनी संस्थानाच्या ग्रंथालय खात्याची घडी बसवली. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले. राजवाड्यातील पुस्तक प्रजेच्या हाती विनामूल्य जाऊ लागले. कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यापुरते वर्गीकरण तयार झाले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुस्तके आणण्याबरोबरच ती सांभाळणारा व वाचकापर्यंत पोहोचवणारा माणूस तयार केला पाहिजे, हे त्या योजनेत आरंभापासून गृहीत होते. बॉर्डन परतल्यावर काम थांबले नाही, याचे श्रेय या वर्गाला आणि पुढे खाते सांभाळणाऱ्या जनार्दन कुडाळकर व न्यूटन मोहन दत्त यांना द्यावे लागेल. मोतीभाई अमीनही या खात्यात आले.

खेड्यांसाठीची योजना आम्हांला, वकिलीच्या सवयीमुळे असेल, फार महत्त्वाची वाटते. गावाने एक हिस्सा रक्कम उभी करायची, प्रांत पंचायतीने तेवढाच हिस्सा घालायचा आणि सरकारने तिसरा. हा एका परीने करारच होता. गावाने आपला वाटा भरला की अनुदान ही कृपा राहत नसे, ती सरकारवरची जबाबदारी होई. उलट गावालाही हात जोडून बसता येत नसे. ज्या वस्तूत आपला पैसा आहे तिच्यावर माणूस लक्ष ठेवतो, हा व्यवहार त्या योजनेने ओळखला होता. जेथे एवढेही जमत नसे, तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी भरून पुस्तके गावी जात, वाचून होत आणि परत येऊन दुसरी पेटी रवाना होई.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचाही विचार झाला. ग्रंथालय खात्याची एक शाखा जादूचा कंदील आणि चलच्चित्रे घेऊन गावोगाव फिरत असे आणि रात्री चावडीसमोर आरोग्य, शेती, दूरदेश यांची चित्रे दाखवीत असे. शहरात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही होते. आज ज्याला आपण ग्रंथालयाचे उपक्रम म्हणतो, ते तेथे वर्धापनदिनापुरते उरकले जात नसत. ते खात्याच्या रोजच्या कामाचा भाग होते.

आणि इमारत? मध्यवर्ती ग्रंथालयाचा संसार आरंभी सरकारवाड्यात, म्हणजे जुन्या वास्तूत थाटला गेला. मांडवी भागातील आजची इमारत १९३१ ची. लोखंडी मांडण्या आणि उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून घातलेली जाड काचेची जमीन यांमुळे ती आजही पाहण्यासारखी आहे. पण क्रम ध्यानात घ्यावा. आधी सेवा, मग माणसे, मग गावोगावचे जाळे आणि सुमारे वीस वर्षांनी वास्तू. कामाला काय लागते हे ठाऊक झाल्यावर बांधलेली इमारत कामाची होते. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो.

आता भाषेचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. बडोद्याचे राजघराणे मराठी, दरबारातील मोठा वर्ग मराठी. शहरात १९०९ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, आणि १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांकडे होते. मराठीवर त्यांचे प्रेम नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. तरीही गावोगावी गेलेल्या पेट्यांत गुजराती पुस्तके होती, कारण गावातील वाचक गुजराती होता. १९१२ मध्ये खात्याचे नियतकालिक निघाले ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. मध्यवर्ती ग्रंथालयात मराठीचा विभाग राहिला, कारण शहरात मराठी वाचक होता. पुस्तकाची भाषा राज्यकर्त्याच्या भाषेवरून ठरली नाही, ती वाचकाच्या भाषेवरून ठरली.

आम्ही सीमाभागात जे मागतो ते याहून निराळे नाही. बेळगावात, निपाणीत, खानापुरात मराठी वाचक आहे, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात मराठी पुस्तक हवे. सीमाप्रश्न न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. वाचकाला पुस्तक मिळण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, बडोद्याचा दाखला राजाच्या औदार्याचा आहे, त्यावर हक्क कसा उभा राहील? आक्षेप खरा आहे. राजाने दिलेले राजाला काढूनही घेता येते. म्हणूनच पुढे कायदे आले. या बाबतीत पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. त्यानंतर मद्रासने १९४८ मध्ये, हैदराबादने १९५५ मध्ये, कर्नाटकाने (तेव्हाच्या म्हैसूरने) १९६५ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये. यांत एक भेद महत्त्वाचा. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही, कर्नाटकाच्या कायद्यात आहे. बेळगावातील मराठी घरमालक घरपट्टीबरोबर तो उपकर भरतो. बडोद्याच्या खेडुताने भरलेला एक हिस्सा तो हाच. ज्याने वाटा भरला तो याचक राहत नाही. शिवाय संविधानाचे अनुच्छेद २९ आपली भाषा जतन करण्याचा हक्क देते आणि अनुच्छेद ३५० अन्वये गाऱ्हाणे मांडण्यासाठी राज्यात वापरात असलेली भाषा वापरता येते.

पण हक्क वापरल्यावाचून टिकत नाही. आमच्या भागातील एका ग्रंथालयात मराठीच्या कपाटाला कुलूप होते. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की मागणीच येत नाही. राग आला, पण नोंदवही चाळली तर उत्तर सर्वस्वी खोटेही म्हणता येईना. महिनोन्महिने मराठी पुस्तकाची एकही लेखी मागणी तेथे नव्हती. सभेला येणाऱ्या शेकडो लोकांपैकी किती जण त्या ग्रंथालयाचे सभासद आहेत, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी स्वतःला विचारला आणि उत्तर देता आले नाही. सभासद व्हावे, मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी, खरेदीच्या याद्या माहिती अधिकारात मागवाव्यात आणि मुलांसाठी मराठी कथाकथनाचा तास मागावा. ही कामे मोर्चाइतकी उठून दिसत नाहीत, पण कागदावर पुरावा त्यांनीच तयार होतो.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. तेव्हा ना भाषावार प्रांत होते, ना सीमाप्रश्न. लोकांच्या आधारावर ते टिकले. याच शहरात १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठराव करणारी पिढी वाचनालयांतूनच घडली होती, हे विसरू नये.

शेवटी एक गोष्ट, जी आमच्या काही मित्रांना रुचणार नाही. पुस्तक वाचकाच्या भाषेत हवे हे तत्त्व आम्हांला मान्य असेल, तर ते अक्कलकोट, जत आणि सोलापूर येथील कन्नड वाचकालाही लागू होते. तेथील ग्रंथालयांत कन्नड कपाट भरलेले असावे, अशी मागणी आम्ही मराठी माणसांनीच प्रथम केली पाहिजे. सयाजीरावांनी गुजराती वाचकाला त्याच्या भाषेत पुस्तक दिले, म्हणून बडोद्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. तो अभिमान खरा असेल, तर ही मागणी करताना आपला आवाज अडखळू नये.