देव्हारा आणि शोकेस

गेल्या हिवाळ्यात रजा टाकून भोपाळला गेलो होतो. तिथे शाहपुऱ्यात माझी धाकटी बहीण राहते. तिच्या शोकेसमध्ये काचेच्या बदकांशेजारी आमच्या आजीची पितळी देवी दिसली आणि मी चिडलोच. आईला लहानपणी देवी आल्या, तेव्हा आजी याच मूर्तीपुढे नवस बोलली होती. आई वाचली, व्रण तेवढे राहिले.

भाचा म्हणाला, "मामा, पण आता तो रोगच नाही ना?"

खरे होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० मध्ये तो रोग जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. मग रोग गेल्यावर देवाने जायचे कुठे?

युरोपात हे पूर्वीच घडले आहे. ग्रीकांचा वैद्यकदेव अस्क्लेपिओस. त्याच्या देवळात रोगी रात्री निजत, देव स्वप्नात येऊन उपचार सांगे. बरे झालेले लोक मातीचे हातपाय वाहत. जुन्या गोव्याच्या फेस्ताला मेणाचे वाहतात, तसेच. त्याच्यासोबत असे टेलेस्फोरस, दुखण्यातून उठणाऱ्यांचा देव. पावसात घोंगडीची खोळ घेतलेल्या आपल्याकडच्या पोरासारखे त्याचे रूप.

ख्रिस्ती धर्म आला, पूजा थांबली. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत सरदार, पाद्री आणि वैद्य घरात नवलाईच्या वस्तूंची दालने सजवू लागले. शंख, शिंगे, नाणी यांच्या रांगेत जुने देवही आले. माँफोकाँ या फ्रेंच पाद्र्याने १७१९ पासून छापलेल्या ग्रंथात अशा संग्रहांतल्या देवांची चित्रे दिली, त्यांत हा खोळवाला पोरही आहे.

गंमत म्हणजे त्याच दालनांत आपला गोवाही होता! सतराव्या शतकात जुन्या गोव्यात जेझुइट ब्रदर गास्पार आंतोनियो बेझोर, कस्तुरी, पोवळे वगैरे कुटून औषधी गोळे करी. 'गोवा स्टोन' म्हणून ते युरोपभर गेले. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवायचे आणि ताप आला की खरवडून प्यायचे. म्हणजे तिथे देव नुसता बघायचा होता आणि आमचा दगड चालू औषध! आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तोही काचेआड बसला आहे.

हे सगळे बहिणीला ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "दादा, देव्हाऱ्यात ती कुणाला दिसत नव्हती. इथे आलेला प्रत्येकजण विचारतो, मग मी आईची गोष्ट सांगते."

यावर मला बोलता येईना. निघताना एका चिठ्ठीवर आईच्या दुखण्याची हकिगत लिहून मूर्तीखाली सरकवली. कारकुनाचा हात, नोंद केल्याशिवाय राहवत नाही.