‘हेर्सन’: पिकल्या केसांची सत्ता

डच भाषेत राज्य करणे म्हणजे ‘हेर्सन’. त्यात ‘हेर’ बसला आहे, म्हणजे धनी. (आपल्या गुप्तहेराचा याच्याशी संबंध नाही.) 1602 साली निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं संचालक मंडळच ‘हेरेन झेव्हन्टीन’, सतरा धनी, म्हणून ओळखलं जाई. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची.

पण हेराला हे धनीपण मिळालं कुठून? सोपं उत्तर, फौजेकडून. डचमध्ये सैन्यालाही ‘हेर’ म्हणत आणि ‘हेर्टोख’, म्हणजे ड्यूक, हा त्याच घरचा: सेनेच्या पुढे चालणारा. ज्याची फौज त्याचं राज्य, हे ऐकायला झकास वाटतं. तरी मला ते पटत नाही. जुन्या जर्मनमध्ये सैन्यासाठी ‘हेरि’ होता, त्यातला पहिला स्वर आखूड. धन्यासाठी ‘हेरिरो’, तिथे तोच स्वर लांब. डचमध्ये दोघे एकाच उच्चारात येऊन मिळाले, म्हणून हा घोळ.

शिवाय ‘हेरिरो’ हे तुलनेचं रूप आहे. मूळ विशेषणाचा अर्थ पिकल्या केसांचा, म्हणून पूज्य. हेरिरो म्हणजे त्याहून थोरला. इंग्रजीत पिकलेपणाला ‘होअर’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. आता लॅटिन ‘सीनियर’ पाहा: तेही तुलनेचंच रूप, अर्थ तोच, आणि त्याचाही पुढे धनी झाला. फ्रेंचमार्गे त्याचा इंग्रजी ‘सर’ झाला, म्हणजे आपले शाळेतले सरही मुळात थोरलेच. दोन्हीकडे नेमकं तुलनेचंच रूप निवडलं जावं, हा योगायोग मी मानत नाही. लॅटिन शिकलेल्या कुणा कारकुनाने तो साचा उचलला असणार.

व्याकरण सरळ आहे: हेर्सन, हेर्स्ते, खेहेर्स्त. याला थेट कर्म चालत नाही, प्रजेआधी ‘ओव्हर’ लागतं. ‘बे’ जोडून ‘बेहेर्सन’ केलं की कर्म चालतं, भूतकाळी धातुसाधितातला ‘खे’ गळतो आणि अर्थ होतो ताब्यात ठेवणे. राग आवरायला हेच क्रियापद आणि भाषा अवगत आहे असं सांगायलाही हेच.

खरी गंमत राजाविना आहे. शांतता ‘हेर्सन’ करते, तशी आपल्याकडेही ती नांदते. पण डच माणूस फ्लूलाही हाच मान देतो: ‘एर हेर्स्त ख्रीप’. ॲम्स्टरडॅममध्ये हे वाक्य कानावर पडलं, तर राजा शोधू नका. फ्लूची साथ आहे.