शिखर आणि ओझे

मे २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हा सगळ्या गावाचा ऊर भरून आला. यथायोग्यच. परंतु त्या शिखराचा इतिहास ओझेवाल्यांचाही आहे. ७ जून १९२२ रोजी मॅलरीच्या मागून चढणारे ७ हमाल हिमलोटात गेले. १९५३ साली साडेतीनशेहून अधिक हमालांनी सामान वाहिले. जगाने नावे लक्षात ठेवली दोन. त्यांतला तेनसिंग १९३५ साली हमाल म्हणूनच या डोंगरावर आला होता!

१८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात १६ कामगार दगावले. सरकारने घरटी ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पांनी काम नाकारले. नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळजवळ बंद पडला. आपल्या गूळबाजारातला हमाल याला संप म्हणेल. त्यानंतर किमान विमा १० लाखांवरून १५ लाखांवर गेला. मागणी २० लाखांची होती.