मुंबई ते शिर्डी: एक प्रवास, तीन आकडे

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, मुंबई ते शिर्डी विमानाचं अंतर मोबाईलवर १७० किलोमीटर दाखवतंय. रस्त्याने २४० च्या आसपास. आणि वंदे भारतने चक्क ३४० च्या वर! यातलं खरं कुठलं?"

तिन्ही खरी. पण रेल्वेचा आकडा एवढा मोठा का, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आपली गाडी कसारा घाट चढून नाशिकमार्गे मनमाडला जाते आणि तिथून दक्षिणेला वळते. म्हणजे आधी पुढे जायचं, मग मागे यायचं. कारण मनमाड–दौंड हा मार्ग शिर्डीसाठी बांधलाच नव्हता. मुंबईहून निघणारे दोन मोठे लोहमार्ग, एक भुसावळकडचा, दुसरा रायचूरकडचा, त्यांना जोडायला तो टाकला. तो सुरू झाला १८७८ मध्ये. आणि त्याआधी काय होतं? १८७६–७८ चा भीषण दुष्काळ.

या मार्गाचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून निघालं. नगर जिल्ह्यातली उपाशी माणसं घमेली उचलत होती. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी कापली गेली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. लोकांनी कामं सोडून निषेध केला. आपण एसी डब्यात बसून ज्या भरावावरून जातो ना, त्याखाली हा हिशोब आहे.

पुढे साईबाबांच्या हयातीत भक्त याच मार्गाने कोपरगावला उतरायचे, गोदावरी ओलांडायचे आणि टांग्याने शिर्डी गाठायचे. पुणतांब्याहून शिर्डीपर्यंत रूळ आले ते थेट २००९ मध्ये. वंदे भारत आली २०२३ ला, साधारण सव्वापाच तासांची.

आता विमान. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी विमानतळाचं उद्घाटन केलं आणि मुंबईचं पहिलं विमान सुटलं. गंमत बघा, ताशी ५०० किलोमीटरने १७० किलोमीटर म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. पण तिकिटावर वेळ दिसते त्याच्या दुप्पट. कारण धावपट्टीपर्यंत जाणं, उंची घेणं, खाली येणं, रांगेत थांबणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय रात्री विमान उतरायला २०२५ उजाडलं.

आणि हो, हा विमानतळ शिर्डीत नाही. तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात, शिर्डीपासून १५ किलोमीटरच्या आत-बाहेर. नाव शिर्डीचं, जमीन काकडीची. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कुंपणापलीकडची शेतं बघून मला तीच दुष्काळातली घमेली आठवली. आभाळातली सरळ रेघ फुकट असते. पण तिची दोन्ही टोकं जमिनीवरच टेकतात, आणि ती जमीन कुणाची तरी असते.

रामनवमीला मुंबईहून पालख्या चालत निघतात. त्यांना आठ-दहा दिवस लागतात. तोही एक आकडाच, फक्त ॲपवाले तो दाखवत नाहीत.

तुमच्या गावाला पहिली एसटी किंवा रेल्वे कधी आली? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला पाठवा. भेटू पुढच्या भागात!