साक्षरता निकेतन, लखनऊ

प्रौढ निरक्षरांना लिहावाचायला शिकवणारी आणि त्यांना शिकवणारे कार्यकर्ते घडवणारी उत्तर प्रदेशातील संस्था. मूळ नाव ‘लिटरसी हाउस’. स्थापना १९५३ मध्ये अलाहाबादला. १९५६ मध्ये ती लखनऊला हलली.

संस्थापिका वेल्दी फिशर (१८७९–१९८०) या मूळच्या अमेरिकन. तरुणपणी त्यांनी चीनमध्ये मुलींची शाळा चालवली होती. पती फ्रेडरिक फिशर हे कलकत्त्याचे मेथडिस्ट बिशप. १९४७ च्या अखेरीस गांधीजींशी झालेल्या भेटीत त्यांनी वेल्दीबाईंना भारतात परतून खेड्यांसाठी काम करायला सुचवले. त्या परतल्या तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ‘एकाने एकाला शिकवावे’ या पद्धतीसाठी प्रसिद्ध असलेले फ्रँक लॉबक यांच्याबरोबर त्यांनी अलाहाबादला काही काळ काम केले आणि मग एका व्हरांड्यात स्वतःचा वर्ग सुरू केला. लखनऊचा परिसर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी आखला. वेल्दीबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो १९६४ मध्ये.

संस्थेचे वेगळेपण अक्षरओळखीनंतरच्या कामात आहे. दिवसभर राबून रात्री वर्गाला आलेल्या माणसापुढे मुलांचे बालबोध पुस्तक ठेवले, तर तो चार दिवसांत येईनासा होतो. म्हणून इथे शेती, आरोग्य, हिशेब अशा विषयांवर सोप्या हिंदीत पुस्तिका लिहून घेतल्या गेल्या आणि धड्यांना कठपुतळ्यांच्या खेळांची जोड मिळाली. वाचायला काही हाती आले नाही, की नवसाक्षर पुन्हा अंगठ्यावर येतो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर झाली, ग्रामगौरव समारंभ थाटात पार पडले; पण पुढच्या वाचनाची सोय अपुरी राहिली आणि शिकलेले पुष्कळजण अक्षरे विसरले. मोहिमेचा उत्साह मोठा होता. कमी पडली ती चिकाटी.

लखनऊची गंमत अशी, की १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी इथे काढलेल्या छापखान्यातून उर्दू, फार्सी, हिंदी ग्रंथांचा पूर वाहिला. विद्यार्थिसंख्येने जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात नोंदलेली शाळाही याच शहरात आहे. तरी २०११ च्या जनगणनेत लखनऊ जिल्ह्याची साक्षरता ७७.२९ टक्के भरली, पुरुष ८२.५६, स्त्रिया ७१.५४. सबंध उत्तर प्रदेशचा आकडा ६७.६८. जनगणनेची व्याख्याही उदार: सात वर्षे पूर्ण झालेला जो कोणी एका भाषेत समजून लिहू-वाचू शकतो तो साक्षर, आणि घरातला एकजण सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो.

निरक्षरतेची किंमत इथे चिकनकारीत दिसते. टाके घालणाऱ्या बहुतेक बायका घरी बसून नगावर काम करतात. कापड आणतो, माल नेतो आणि हिशेब मांडतो तो दलाल. किती नग गेले, डाग पडला म्हणून किती कापले, हे जिला वाचता येत नाही तिला त्याच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेवा लखनऊ’ या संघटनेने अशा कारागीर बायकांना एकत्र आणून दलालाला फाटा दिला. मजुरीचा प्रश्न अक्षरांनी आपोआप सुटत नाही, हे खरे. पण वही वाचता येणाऱ्या बाईला फसवायला दलालाला जास्त कष्ट पडतात.

जगात आजही सत्तर कोटींहून अधिक प्रौढ निरक्षर आहेत आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया. १९६७ पासून ८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन पाळला जातो. भारतात राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झाले. साक्षरता निकेतनाचे वर्ग तेव्हा पस्तीस वर्षांचे झाले होते.